डोंगळ्याच्या फुलोऱ्याला माशी वेळेवर कशी आणावी: तापमान, अंश-तास आणि हिरव्या माशीची वाढ

निफाड, चांदवड, देवळा, सटाणा या पट्ट्यात कांद्याचे बी घरचे करणारे शेतकरी पुष्कळ आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोट कांदे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले कांदे, लावायचे, थंडीत त्यांचे फुलदांडे, म्हणजे डोंगळे, वर येऊ द्यायचे, फेब्रुवारीच्या आसपास त्यांवरचे फुलांचे गोंडे उमलले की परागीभवन मधमाश्यांवर सोपवायचे आणि उन्हाळा तापू लागला की बी झाडायचे, हा क्रम मोकळ्या शेतात बिनबोभाट चालतो. अडचण येते ती एकाच शिवारात दोन-तीन वाणांचे निवडक डोंगळे शुद्ध ठेवायचे असतात तेव्हा. वाणांमध्ये पुरेसे अंतर राखणे शक्य नसल्याने प्रत्येक वाणावर बारीक जाळीचा पिंजरा उभारावा लागतो आणि त्या पिंजऱ्यात मधमाशी रमत नाही. ती छताला धडका देत राहते व त्यातच संपते. शिवाय कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असल्याने मधमाशीला तो फारसा आवडतही नाही. कांद्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच. हे काम लहान पिंजऱ्यात हिरवी माशी चांगले करते आणि कांद्याचे पैदासकार तिचा असा उपयोग फार पूर्वीपासून करत आले आहेत.

माशी वाढवणे अवघड नाही, ती हव्या त्या दिवशी बाहेर काढणे अवघड आहे. अंडे घातल्यापासून किती दिवसांनी माशी निघेल, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्या प्रश्नाला दिवसांत उत्तरच नसते, कारण माशीची वाढ कॅलेंडरवर चालत नाही, तिला मिळालेल्या उबेवर चालते. म्हणून हा लेख माशी पाळण्यापेक्षा ऊब मोजण्याविषयी जास्त आहे.

आधी माशी ओळखून घ्यावी

आपल्याकडे मासळीच्या टाकाऊ भागावर किंवा कलेजीच्या तुकड्यावर येणाऱ्या चमकदार माश्यांमध्ये तीन प्रकार प्रामुख्याने दिसतात. क्रायसोमिया मेगासेफला ही अंगाने भरदार, निळसर हिरवी, मोठ्या तांबूस डोळ्यांची आणि नारिंगी गालांची माशी आमच्या कामाची. ल्युसिलिया क्युप्रिना ही आकाराने लहान आणि हिरव्या रंगावर तांब्याची झाक असलेली असते, तीही चालते. तिसरी, क्रायसोमिया रुफिफेसीस, दिसायला पहिलीसारखीच असली तरी तिच्या अळीच्या अंगावर मांसल काट्यांसारखे उंचवटे असतात आणि ही अळी शेजारच्या दुसऱ्या अळ्या खाते. डब्यात अशी काटेरी अळी दिसली की चिमट्याने लगेच बाहेर काढावी, नाहीतर मोजून ठेवलेल्या पाचशे अळ्यांचा हिशेब चार दिवसांत कोलमडतो. प्रत्येक प्रजातीचे उष्णतेचे गणित वेगळे असल्याने एका डब्यात एकच प्रजाती असावी, हा नियम मी कधी मोडत नाही.

एक इशारा इथेच देतो. जनावराच्या जखमेत पडलेल्या अळ्या पैदाशीसाठी कधीही आणू नयेत. जिवंत मांसावरच जगणारी क्रायसोमिया बेझियाना ही माशी जनावरांना जखमेत किडे पाडते आणि ती चुकून आपल्या डब्यात वाढली तर गोठ्यातल्या जनावरांच्या जिवाशी खेळ होईल. पैदाशीची जागाही गोठा, स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी यांपासून दूर असावी. हातमोजे वापरावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि माशी फक्त बंद पिंजऱ्यातच सोडावी.

उबेचा हिशेब म्हणजे काय

द्राक्षबागायतदाराला ही कल्पना नवी नाही. खरड छाटणी किंवा गोड्या बहराची छाटणी झाल्यावर वेलीचे डोळे फुटायला किती दिवस लागतील हे ऊब किती मिळते यावर ठरते, आणि द्राक्षासाठी १० अंश सेल्सिअस हा पाया धरून त्यावरची ऊब दिवसागणिक बेरजेत मांडण्याची पद्धत जगभर आहे. उष्णतेची बेरीज करण्याचा विचार फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये मांडला होता. माशीलाही तोच हिशेब लागू पडतो. एका ठरावीक तापमानाखाली तिची वाढ जवळपास थांबते, त्याला आपण पाया म्हणू. पायाच्या वर जितके अंश असतील त्यांना तासांनी गुणले की अंश-तास मिळतात, आणि अंड्यापासून माशी निघेपर्यंतच्या अंश-तासांची बेरीज एका प्रजातीसाठी बऱ्यापैकी स्थिर राहते. मृत्यूची वेळ ठरवण्यासाठी न्यायवैद्यक तज्ज्ञ मृतदेहावरील अळ्यांचे वय काढतात तेही याच गणिताने.

क्रायसोमिया मेगासेफलाचा पाया १० अंशांच्या आसपास येतो आणि २७ अंश स्थिर तापमानात अंड्यापासून माशी निघायला साधारण पावणेदहा दिवस लागतात. गणित समजण्यासाठी पाया १० आणि एकूण गरज ४००० अंश-तास धरू. २० अंशांवर दर तासाला १० अंश-तास जमतात, म्हणजे ४०० तास, जवळजवळ सतरा दिवस. ३० अंशांवर दर तासाला २० जमतात, म्हणजे २०० तास, आठ दिवसांहून थोडे जास्त. तापमान दीडपट झाले आणि काळ निम्मा झाला. हा फरक पायामुळे पडतो, कारण माशीच्या दृष्टीने २० म्हणजे १० आणि ३० म्हणजे २०.

हे सरळ गणित दोन्ही टोकांना वाकते हे मात्र ध्यानात ठेवावे. पायाच्या अगदी जवळ वाढ पूर्ण थांबत नाही, ती रेंगाळते आणि मरतूक वाढते. वरच्या बाजूला ३५ अंशांच्या पुढे ऊब वाढवून वेग त्या प्रमाणात वाढत नाही, आणि चाळिशीच्या पुढे कोषातली माशी दगावू लागते. मार्चच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असते हे वेगळे सांगायला नको. तिथे डबे ठेवू नयेत.

पहिली पायरी: आपल्या माशीचा पाया आपणच काढणे

पुस्तकातला आकडा सुरुवातीला वापरावा, पण पहिल्याच हंगामात आपल्या ठिकाणचा आकडा काढून घ्यावा. त्यासाठी निदान दोन, शक्यतो चार वेगवेगळ्या तापमानांचे डबे लागतात. थर्माकोलचा जाड खोका, त्यात पत्र्याच्या डब्याने झाकलेला ४० वॅटचा साधा बल्ब आणि अंडी उबवण्याच्या यंत्रात असतो तो तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट, एवढ्यावर २५ ते ३२ अंशांपर्यंतचे तापमान राखता येते. २० अंशांसाठी डिसेंबर-जानेवारीत घरातली उत्तरेकडची खोली बहुधा पुरते. अंडी कोरडी पडली की सुरकुततात आणि फुटत नाहीत, म्हणून खोक्यात ओल्या फडक्याची वाटी ठेवावी.

कलेजीचा तुकडा सकाळी सावलीत उघडा ठेवून दर अर्ध्या तासाने पाहावा. मादी एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी घालते. ती तांदळाच्या कणीसारखी, पांढरी, एकमेकांना चिकटलेली असतात आणि मांसाच्या घडीत, सावलीच्या बाजूला लपवलेली असतात. अंडी दिसताच वेळ वहीत टिपावी, कारण संपूर्ण हिशेबाचा शून्य तास तो. पुंजका ओल्या कुंचल्याने उचलून प्रत्येक डब्यात थोडा थोडा ठेवावा.

दोन तापमानांचे तास हाती आले की पाया काढायला मोठे गणित लागत नाही. थंड डब्यातले तास गुणिले तिथले तापमान, यातून गरम डब्यातले तास गुणिले तिथले तापमान वजा करावे, आणि उत्तराला तासांच्या फरकाने भागावे. वरच्या उदाहरणात ४०० गुणिले २० म्हणजे ८०००, २०० गुणिले ३० म्हणजे ६०००, फरक २०००. तासांचा फरक २००. भागाकार १०, हाच पाया. मग २०० तास गुणिले (३० वजा १०) म्हणजे ४००० अंश-तास ही एकूण गरज. चार डबे असतील तर आलेखकागदावर आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर एक भागिले तास मांडून बिंदूंमधून सरळ रेषा काढावी. ती रेषा आडव्या अक्षाला जिथे टेकते तिथे पाया. एखादा बिंदू रेषेपासून फार दूर पडला तर तो पुसू नये, आधी त्या डब्याचा तापमापक तपासावा. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

दुसरी पायरी: तापमान अळीजवळ मोजणे

इथे मी मुद्दाम थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्यातली सर्वांत महागडी मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका खोल परातीत चार बोटे उंच कलेजी भरून त्यात मी अंड्यांचे चार-पाच पुंजके एकदम सोडले. खोलीचा तापमापक २४ अंश दाखवत होता आणि वहीत मी रोज २४ लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी परातीवरचे झाकण काढले तेव्हा हाताला वाफ लागली. काचेचा तापमापक अळ्यांच्या गोळ्यात खुपसला तर पारा ३७ वर गेला. हजारो अळ्या एकत्र खात, वळवळत असतात तेव्हा त्यांच्या हालचालीची आणि पचनाची ऊब गोळ्यातच कोंडते आणि गोळ्याचे तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-वीस अंशांनीही वर जाऊ शकते. माझ्या माश्या तीन दिवस आधी निघाल्या. त्याच आठवड्यात थंडी वाढून गोंडे चार दिवस मागे पडले. उमललेले फूल एक नाही आणि डब्यात माश्या मरून पडलेल्या, हे पाहून त्या वाणाचे वर्षभराचे काम डोळ्यांसमोर हातचे गेले.

तेव्हापासून मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. अळ्यांचे अन्न पसरट ट्रेमध्ये, दोन बोटांपेक्षा कमी उंचीचे ठेवतो आणि पाचशे अळ्यांमागे सुमारे अर्धा किलो या बेताने वेगवेगळे ट्रे करतो, म्हणजे मोठा गोळा जमत नाही. तापमापकाची तार अन्नात टोचलेली असते आणि दर तासाला नोंद करणारा छोटा डेटा लॉगर तिला जोडलेला असतो. अळ्या अन्न सोडून भुशात गेल्या की तारही भुशात हलवतो. खोलीचे तापमान वेगळे लिहावे, पण हिशेबात अळीजवळचेच धरावे.

वर्तमानपत्रात छापून येणारे निफाडचे किमान तापमान आपल्या डब्याला लागू नाही. थंडीत निफाडचा पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो, पण ते मोकळ्या रानातले तापमान असते, घरातल्या कोनाड्यातले नव्हे.

तिसरी पायरी: रोजची बेरीज

स्थिर तापमानाच्या डब्यात बेरीज सोपी आहे. डबे व्हरांड्यात असतील तर आपल्याकडच्या थंडीत पहाट आणि दुपार यांच्यात वीस अंशांचाही फरक पडतो आणि नुसती सरासरी फसवते. समजा एका दिवशी रात्री २ वाजता ९ अंश, सकाळी ६ ला ६, १० ला १८, दुपारी २ ला २८, सायंकाळी ६ ला २२ आणि रात्री १० ला १३ अशी नोंद आहे. सहा नोंदींची सरासरी १६, त्यातून पाया वजा केला तर ६, गुणिले २४ म्हणजे १४४ अंश-तास. पण रात्री २ आणि सकाळी ६ च्या वेळी तापमान पायाखाली आहे. तेव्हा वाढ शून्य असते, ती उलटी जात नाही. म्हणून प्रत्येक नोंद वेगळी धरावी: ०, ०, ८, १८, १२ आणि ३, बेरीज ४१, गुणिले ४ तास म्हणजे १६४ अंश-तास. रोजचे २० अंश-तास सुटले तर पंधरा दिवसांत ३०० सुटतात, म्हणजे अशा हवेत जवळपास दोन दिवसांची चूक. कमाल आणि किमान यांची नुसती सरासरी काढली तर याच दिवशी १७ येते आणि हिशेब १६८ वर जातो, जो खऱ्याच्या जवळ दिसतो. तिथे दोन चुका एकमेकींना झाकतात: थंडीचे तास जास्त असूनही ते मोजले जात नाहीत, आणि पायाखालचे अंश वजा होतात. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्या एकमेकींना झाकणार नाहीत, म्हणून निदान दर चार तासांची नोंद हवी.

चौथी पायरी: अवस्था ओळखून हिशेब ताडून पाहणे

वहीतली बेरीज आणि डब्यातली अवस्था जुळते का हे पाहत राहावे. २७ अंशांच्या आसपास अंडी एक दिवस पुरा होण्याआधी फुटतात. अळीच्या तीन अवस्था असतात आणि त्या लांबीवरून ओळखू नयेत, कारण अन्न कमी पडले तर अळी लहानच राहते. अळीच्या मागच्या जाड टोकाला दोन तपकिरी ठिपके दिसतात, ती तिची श्वासरंध्रे. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ठिपक्यात पहिल्या अवस्थेत एक, दुसरीत दोन आणि तिसरीत तीन चिरा दिसतात. नमुना जपायचा असेल तर अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकू नये, ती आकसते आणि काळी पडते. उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात अर्धा मिनिट धरून मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी.

तिसऱ्या अवस्थेतली अळी खात असते तोवर तिच्या अर्धपारदर्शक अंगात पुढच्या बाजूला खाल्लेल्या मांसाची गडद पिशवी दिसते. ती पिशवी रिकामी होऊन अळी सबंध दुधी रंगाची झाली की तिचे खाणे संपले. आता ती अन्न सोडून कोरडी, अंधारी जागा शोधत निघते आणि भिंत चढून पळते. त्या आधीच ट्रे कोरड्या लाकडी भुशाच्या टोपलीत ठेवावा. भुशात शिरलेली अळी आखडते, तिचीच कातडी कडक होऊन कोष बनतो. कोष पहिल्यांदा पांढरा असतो, काही तासांत विटकरी आणि मग गडद तपकिरी होतो. पांढरा कोष दिसलेली वेळ वहीत ठळक करून लिहावी.

पाचवी पायरी: फुलोरा आणि माशी यांची गाठ घालणे

उलटी मोजणी करताना पिंजऱ्यातल्या दहा गोंड्यांमागे एखादा फुलू लागण्याचा दिवस लक्ष्य धरावा. २५ अंशांच्या डब्यात रोज १५ गुणिले २४ म्हणजे ३६० अंश-तास जमतात, म्हणून ४००० साठी अकरा दिवसांहून थोडे जास्त. अंडी बारा दिवस आधी घ्यावीत. पण गोंडाही हवेवरच चालतो आणि मध्येच थंडीची लाट आली तर अंदाज चुकतो. अशा वेळी हात घालायचा तो कोषावस्थेत. खाणाऱ्या अळ्यांना थंड केले तर त्या अर्धवट राहतात आणि अन्न नासते. कोषाला मात्र अन्न लागत नाही आणि तो हलवताही येतो.

समजा पांढरे कोष दिसले तेव्हा बेरीज २००० झाली आहे, म्हणजे २००० उरली. २५ अंशांवर त्याला साडेपाच दिवस लागतील, तर १८ अंशांच्या खोलीत रोज फक्त १९२ जमतात आणि दहा दिवसांहून जास्त लागतील. एकाच तुकडीचे अर्धे कोष डब्यात आणि अर्धे थंड खोलीत ठेवले तर पाच दिवसांच्या अंतराने माश्या मिळतात, आणि गोंड्याची फुले एकदम न उमलता आठवडे चालत असल्याने ते सोयीचेच ठरते. फ्रिजचा मोह टाळावा. ही उष्ण प्रदेशातली माशी आहे आणि गारठ्यात तिचा कोष फार काळ तग धरत नाही. अगदीच गरज पडली तर १२ अंशांच्या आसपास चार-पाच दिवस, त्यापुढे नाही, असे माझे मत आहे. त्यातही वीस-पंचवीस कोष आधी बाहेर काढून किती निघतात ते पाहावे.

कोष काळपट झाले आणि बेरीज पुरी होत आली की ते पिंजऱ्यात न्यावेत. उथळ थाळीत भुसा, त्यावर कोष, वर सावली आणि थाळीखाली पाण्याची परात, कारण मुंग्या एका रात्रीत थाळी रिकामी करतात. माश्या बहुधा सकाळी निघतात. कोषाचे टोपण उडते आणि डोक्यावरची पांढरी पिशवी फुगवत-मिटवत माशी भुशातून वर येते. तेव्हा ती करडी, मऊ, चुरगळलेल्या पंखांची असते. तासा-दोन तासांत पंख पसरतात आणि हिरवा रंग चढतो. या वेळी थाळी हलवू नये. फेब्रुवारीच्या गार सकाळी त्या पूर्वेकडच्या जाळीवर ऊन खात बसून राहतात, गोंड्यावर येत नाहीत. ते आजारपण नव्हे, ऊब पुरेशी झाली की त्या आपोआप कामाला लागतात. पिंजऱ्यात साखरपाण्याचा बोळा ठेवावा. फुलकिड्यांसाठी फवारणी करायची असेल तर ती माशी सोडण्याच्या बरीच आधी उरकावी.

माशी उबेत लवकर वाढते तशी उबेत लवकर म्हातारीही होते, म्हणून मार्च लागला की दर आठवड्याला नवी तुकडी द्यावी लागते. शेवटची तुकडी सोडली की उरलेले अन्न आणि अळ्या यांवर उकळते पाणी ओतून ते दोन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, भुसा जाळावा आणि लॉगरमधल्या नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात.